दाराला कडी न लावण्याची अट : टिळकवाडीतील एका अभ्यासवर्गाविषयी

मी २८ वर्षे खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला, आणि इंग्लंडमधील १६८९ चा सहिष्णुता कायदा त्या २८ वर्षांत दरवर्षी एकाच वाक्यात उरकला: ‘या कायद्याने इंग्लंडमधील सर्व प्रॉटेस्टंट पंथांना धर्मस्वातंत्र्य मिळाले.’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक शब्दात चूक आहे, हे मला निवृत्तीनंतर, बेळगावच्या टिळकवाडीतील एका अभ्यासवर्गाला १,२०० रुपये शुल्क भरून कळले. त्या वर्गाचे हे परीक्षण आहे. वर्गाचे जे चांगले वाटले ते सविस्तर लिहिले आहे आणि जे खटकले तेही झाकलेले नाही.

वर्ग खासगी आहे. एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या एके काळच्या विद्यार्थिनी, ज्या आता वकिली करतात, असे दोघे मिळून तो घेतात. लागोपाठ सहा रविवार, दुपारी साडेतीन ते सहा, असे त्याचे वेळापत्रक होते. सकाळची वेळ मुद्दाम टाळली होती, कारण नाव नोंदवलेल्यांपैकी काही जण कॅम्पातील, म्हणजे छावणी भागातील, चर्चमध्ये रविवारी उपासनेला जाणारे होते. एकूण विसेक माणसे होती: कायद्याचे विद्यार्थी, शहापूरचे एक कापड व्यापारी, कॅम्पातील ख्रिस्ती कुटुंबांतील काही ज्येष्ठ, एक कन्नडभाषक अधिव्याख्याते आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक. विषयाचे नाव ‘इंग्लंडमधील राजमान्य चर्च आणि त्यापासून वेगळे झालेले पंथ’ असे होते (अशा वेगळ्या झालेल्यांना इंग्रजीत ‘डिसेंटर’ म्हणतात, मी पुढे ‘मतभेदी’ म्हणतो) आणि शिकवण्याची भाषा मराठी होती. अधिव्याख्यात्यांना एखादी गोष्ट अडली की सर तेवढे वाक्य कन्नडमध्ये पुन्हा सांगत आणि कोणी त्याबद्दल कुरकुर केली नाही.

पहिला रविवार ‘राजमान्य’ या एका शब्दावर गेला आणि तो वेळ सत्कारणी लागला. एखाद्या राज्यात बहुसंख्य लोकांचा एक धर्म असणे आणि कायद्याने एक चर्च स्थापन केलेले असणे यांत किती अंतर आहे, हे आपल्याकडच्या वाचकाला सहज उमगत नाही. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये स्वतःला चर्चचा प्रमुख ठरवून घेतले, १५५९ मध्ये एलिझाबेथच्या संसदेने ती व्यवस्था पुन्हा घट्ट केली आणि देशातील प्रत्येक गावात एकच प्रार्थनापुस्तक वापरायचे, असे ठरवले. रविवारी गावच्या चर्चला न जाणाऱ्यास १२ पेन्स दंड होता. १५८१ मध्ये हाच दंड महिन्याला २० पौंड झाला, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याच्या पूर्णपणे बाहेर गेला. गावच्या जमिनीच्या उत्पन्नातून चर्चला द्यायचा दशांश, बिशपांची लॉर्ड्सच्या सभागृहातील आसने, चर्चच्या न्यायालयांची सत्ता, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी, हे सगळे त्या एका संस्थेच्या हाती होते. शहापूरच्या व्यापाऱ्यांनी मध्येच विचारले, ‘सर, मग बसवण्णांना किंवा तुकोबांना या अर्थाने डिसेंटर म्हणायचे का?’ सरांचे उत्तर मला फार पटले. ते म्हणाले, ‘बंड म्हणून तुलना करा, खुशाल करा. पण दर रविवारी हजेरी घेणारे, दंड लावणारे, संसदेच्या कायद्याने उभे राहिलेले एकच देऊळ त्यांच्या समोर नव्हते. ते जोपर्यंत दाखवता येत नाही तोपर्यंत हा शब्द इथे लावू नका.’ अशी तुलना सोपी करून टाळ्या मिळवण्याचा मोह अनेक वक्त्यांना आवरत नाही. सरांनी तो आवरला.

दुसऱ्या रविवारपासून वकीलबाईंनी सूत्रे हाती घेतली आणि वर्गाची खरी पद्धत दिसू लागली. ती अशी की राजा-राण्यांच्या गोष्टी कमी सांगायच्या आणि कायद्यांची कलमे समोर ठेवून ती एखाद्या सामान्य माणसाच्या आयुष्यात कशी उतरतात ते पाहायचे. १६६० मध्ये राजेशाही परत आल्यानंतर चार-पाच वर्षांत चार कायदे झाले. १६६१ च्या कायद्याने नगरपालिकांतील पदे राजमान्य चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा ख्रिस्ती विधी) घेणाऱ्यांपुरती राखली गेली. १६६२ च्या एकरूपता कायद्याने नव्या प्रार्थनापुस्तकातील प्रत्येक गोष्टीला बिनशर्त संमती देण्याची सक्ती पाळकांवर आली, आणि ती न दिल्याने त्या सुमाराच्या धामधुमीत एकूण सुमारे २,००० पाळकांना आपली जागा सोडावी लागली. १६६४ मध्ये, घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक माणसांनी प्रार्थनापुस्तकाबाहेरच्या उपासनेसाठी एकत्र येणे गुन्हा ठरले आणि तिसऱ्यांदा पकडल्यास सात वर्षांसाठी समुद्रापार पाठवण्याची तरतूद झाली. १६७० मध्ये हा कायदा सुधारताना शिक्षा सौम्य केल्या, पण दंडाचा तिसरा हिस्सा चुगली करणाऱ्याला देण्याची सोय केली. ‘सौम्य’ या शब्दाचा अर्थ बाईंनी वर्गाला इथे नीट विचारात घ्यायला लावला.

चौथा कायदा १६६५ चा, पाच मैलांचा. ठरावीक शपथ न घेणाऱ्या जुन्या पाळकाने, ज्या गावी तो पूर्वी उपदेश करत होता त्या गावाच्या, किंवा कोणत्याही नगरपालिका असलेल्या शहराच्या, पाच मैलांच्या आत यायचे नाही. हे सांगताना बाईंनी बेळगाव तालुक्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि शहराभोवती आठ किलोमीटरचे वर्तुळ काढले. या कायद्याखाली बेळगावात उपदेश केलेल्या पाळकाला हिंडलग्यातसुद्धा बिऱ्हाड करता आले नसते, त्याला पार सांबऱ्याकडे सरकावे लागले असते, आणि तिथे त्याला ओळखणारे, भाकरी देणारे कोणी नसते. कायद्याचा हेतूही तोच होता, माणूस आणि त्याची मंडळी यांची ताटातूट करणे. एका वर्तुळाने जे कळले ते मला पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांतून कळले नव्हते, आणि मी वर्गात कधी नकाशा का लावला नाही, असा प्रश्न परतीच्या बसमध्ये मनात येत राहिला.

कायद्याचे विद्यार्थी ज्या भागासाठी आले होते तो तिसऱ्या रविवारी आला. ऑगस्ट १६७० मध्ये लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर क्वेकर या मतभेदी पंथाचे उपासनागृह शिपायांनी बंद करून ठेवले होते, म्हणून विल्यम पेन हा क्वेकर रस्त्यावरच बोलू लागला आणि पकडला गेला. त्याच्यावर आणि विल्यम मीडवर बेकायदा जमाव जमवल्याचा खटला चालला. ज्यूरीने न्यायाधीशांना हवा तो निकाल देण्याचे नाकारले, तेव्हा ज्यूरीलाच अन्न, पाणी, विस्तव आणि तंबाखूवाचून कोंडून ठेवण्यात आले. तरीही त्यांनी निर्दोष ठरवले, म्हणून त्यांना दंड झाला. एडवर्ड बुशेल आणि त्याच्या काही सोबत्यांनी दंड भरला नाही, ते तुरुंगात गेले आणि बंदिप्रत्यक्षीकरणाच्या अर्जावर सरन्यायाधीश वॉन यांनी ठरवले की निकाल मनाप्रमाणे दिला नाही म्हणून ज्यूरीला शिक्षा करता येत नाही. धार्मिक मतभेदाच्या एका किरकोळ खटल्यातून सगळ्यांच्याच उपयोगाचा नियम कसा निघाला, हे बाईंनी इतक्या रंगून सांगितले की सहा वाजून गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. माझी खानापूरची बस त्या दिवशी चुकली आणि तिची मी तक्रार करणार नाही.

जॉन बन्यन मात्र घाईत गेला. बेडफर्डच्या तुरुंगात १२ वर्षे काढलेल्या या तांबटाची गोष्ट मराठी वर्गात जरा अधिक सांगायला हवी होती, कारण त्याच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या गाजलेल्या पुस्तकाचे हरि केशवजींनी केलेले मराठी रूप ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्येच आले आहे. आपल्या भाषेतील छापील गद्य बाल्यावस्थेत असताना ज्या पुस्तकांची भाषांतरे झाली, त्यांत परवाना नसताना उपदेश केला म्हणून कैदेत पडलेल्या एका माणसाचे पुस्तक असावे, ही गोष्ट सरांनी एका वाक्यात सोडून दिली.

आता वर्गाच्या मध्यवर्ती भागाकडे, म्हणजे चौथ्या रविवारकडे येतो. त्याआधी सभागृहाविषयी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. सभागृहाच्या दाराची कडी मोडलेली होती, दार नीट बंद होत नसे आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न थेट फळ्यापर्यंत येत. चौथ्या दिवशी एका विद्यार्थ्याने दाराला खुर्ची लावायचा प्रयत्न केला तेव्हा सर म्हणाले, ‘राहू द्या. आजचा कायदा उघड्या दाराचाच आहे.’ हे वाक्य त्यांनी आधीच ठरवून ठेवले असावे, अशी मला दाट शंका आहे. पण त्यामागचे कलम मात्र अस्सल होते. १६८९ च्या कायद्याने मतभेदी प्रॉटेस्टंटांना स्वतःची उपासनागृहे चालवण्याची मुभा दिली, ती अनेक अटींवर, आणि त्यांतली एक अशी की उपासना चालू असताना दाराला कुलूप, अडसर किंवा कडी असता कामा नये. आत काय बोलले जाते ते कोणालाही येऊन ऐकता यावे, यासाठी. ज्यांच्या सभांचे दार १६७० मध्ये सरकारने बाहेरून बंद केले होते, त्यांना एकोणीस वर्षांनी सरकारने सांगितले की आता आतून बंद करू नका.

बाकीच्या अटी अशा. जागेची नोंद बिशपकडे, त्याच्या हाताखालच्या आर्चडीकनकडे किंवा स्थानिक न्यायाधीशांच्या बैठकीत करायची. राजनिष्ठेच्या शपथा घ्यायच्या आणि कॅथलिक पंथाच्या प्रभुभोजनविषयक श्रद्धेविरुद्ध जाहीर निवेदन करायचे. पाळकांनी राजमान्य चर्चच्या श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी बहुतेक सर्व मान्य करायची. चर्चची रचना आणि विधी यांविषयीची तीन कलमे आणि आणखी एकाचा भाग तेवढा सोडला होता, आणि बालकांचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या बॅप्टिस्टांना त्याबद्दलच्या कलमातून सूट होती. क्वेकर शपथच घेत नसत, म्हणून त्यांच्यासाठी साध्या प्रतिज्ञेची सोय केली. कॅथलिक आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक ईश्वर) न मानणारे या सवलतीच्या बाहेरच राहिले. दशांश भरणे कोणालाच चुकले नाही. सरकारी आणि नगरपालिकेच्या पदांवरचे निर्बंधही तसेच राहिले.

वकीलबाईंनी त्यानंतर जी गोष्ट दाखवली एकट्या तिच्यासाठी मी सगळे शुल्क भरले असते. या कायद्याच्या मजकुरात ‘सहिष्णुता’ हा शब्दच नाही. त्याचे लांबलचक अधिकृत नाव वाचले तर त्याचा अर्थ एवढाच होतो की राजमान्य चर्चपासून वेगळे राहणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रजाजनांना काही ठरावीक कायद्यांखालील दंडांतून सूट देण्यात येत आहे. जुने कायदे रद्द झाले नाहीत. ते पुस्तकात तसेच राहिले, फक्त अटी पाळणाऱ्यापुरता त्यांचा दंड थांबला. म्हणजे राज्याने मतभेदी माणसाला ‘तुझे बरोबर असू शकते’ असे म्हटलेले नाही. ‘तू चूक आहेस, पण तुला आम्ही सोडले’ असे म्हटले आहे. याच वर्षी तत्त्वज्ञ जॉन लॉकचे सहिष्णुतेवरचे पत्र प्रसिद्ध झाले, पण कायदा त्याच्या तर्काने चाललेला नाही. आणि लॉकसुद्धा नास्तिकांना आणि परकीय सत्तेला निष्ठा वाहणाऱ्यांना सहिष्णुतेच्या बाहेरच ठेवतो, हे सरांनी लपवले नाही.

सवलत आणि हक्क यांतला हा फरक सीमाभागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व कागदावर असून ती सूचना प्रत्येक वेळी अर्ज करून मागावी लागते, हा अनुभव वर्गातल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या गाठीशी होता. कोणीतरी तो बोलूनही दाखवला. सरांनी मान हलवली आणि पुढच्या कलमाकडे वळले. मला ते वळणे योग्य वाटले, कारण त्या वाटेने गेलो असतो तर इंग्लंडला परत येणे झाले नसते.

पाचव्या रविवारी अठरावे शतक होते, आणि त्यात लंडनच्या शेरीफांची हकीकत हा सबंध वर्गातला सर्वांत रंगलेला तास ठरला. लंडनच्या महापालिकेने १७४८ मध्ये एक नियम केला की शेरीफ या शहराच्या मानाच्या पदासाठी नाव पुढे आल्यावर ते नाकारणाऱ्याने, किंवा निवडून आल्यावर पद न स्वीकारणाऱ्याने, चारशे ते सहाशे पौंडांपर्यंत दंड भरावा. मग महापालिकेने सधन मतभेदी व्यापाऱ्यांना हेरून शेरीफ म्हणून निवडायला सुरुवात केली. पद घ्यायचे तर १६६१ च्या कायद्याप्रमाणे राजमान्य चर्चचे प्रभुभोजन घेतलेले असले पाहिजे, आणि ते तर हे लोक सद्सद्विवेकामुळे घेणार नाहीत. म्हणजे एक कायदा म्हणतो तू पदाला अपात्र आहेस, आणि दुसरा नियम म्हणतो पद का घेतले नाहीस, दंड भर. अशा दंडांतून १५,००० पौंडांहून अधिक रक्कम गोळा झाली आणि ती महापौरांचे निवासस्थान असलेल्या मॅन्शन हाउसच्या बांधकामाकडे गेली. ती इमारत लंडनमध्ये आजही उभी आहे. अॅलन एव्हान्स नावाच्या मतभेद्याने दंड न भरता वर्षानुवर्षे खटला लढवला आणि १७६७ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात तो जिंकला. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्या वेळी स्पष्ट केले की राजमान्य चर्चच्या उपासनेपासून वेगळे राहणे हा आता गुन्हा उरलेला नाही, सहिष्णुता कायद्याने केवळ शिक्षा थांबवलेली नसून त्या उपासनेला कायदेशीर स्थान दिले आहे. म्हणजे ज्या कायद्याने १६८९ मध्ये केवळ सूट दिली होती, त्याचा अर्थ न्यायाधीशाने ७८ वर्षांनी रुंद केला. कायद्याचे विद्यार्थी इथे अक्षरशः पुढे सरकून बसले होते. शहापूरचे व्यापारी म्हणाले, ‘दंड वसूल करायलाच निवडणूक! ही कल्पना आमच्याकडे कोणाला सांगू नका.’

इतर गोष्टी त्या मानाने धावत्या झाल्या. १७०३ मध्ये डॅनिअल डीफोला उपरोधिक पत्रकासाठी तीन दिवस खोड्यात उभे केले होते. १७१४ चा मतभेद्यांच्या शाळा बंद करू पाहणारा कायदा पाचच वर्षांत रद्द झाला. ऑक्सफर्डला प्रवेशाच्या वेळी आणि केंब्रिजला पदवीच्या वेळी राजमान्य चर्चची कबुली द्यावी लागे, म्हणून मतभेद्यांनी स्वतःच्या विद्यापीठवजा शाळा काढल्या आणि त्यांपैकी वॉरिंग्टनच्या शाळेत रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली शिकवत होते. १७५३ च्या विवाह कायद्याने क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना राजमान्य चर्चमध्येच लग्न लावणे भाग पडले, आणि ही सक्ती १८३६ च्या कायद्यापर्यंत टिकली. या विवाहाच्या प्रश्नाला पंधरा मिनिटे मिळाली. आपल्या वाचकाला या सगळ्यांत जवळचा वाटेल तो हाच प्रश्न, आणि तोच कमी पडला.

मोठी त्रुटी वेगळीच आहे. सर आणि बाई दोघांनाही मतभेद्यांविषयी इतकी आपुलकी आहे की ते नकळत त्यांना निष्पाप ठरवत जातात. इंग्लंडमध्ये छळ सोसलेल्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये गेल्यावर स्वतःचे राजमान्य चर्च उभारले, चर्च आणि सरकार वेगळे ठेवा म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्सला हद्दपार केले आणि १६६० मध्ये बॉस्टनला मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फाशी दिली, हे वर्गात आलेच नाही. तिथली चर्चसाठीच्या कराची व्यवस्था १८३३ पर्यंत चालली. १८१३ मध्ये मुंबईत येऊन मराठी मिशन सुरू करणारे अमेरिकन याच परंपरेतले होते, म्हणजे लंडनमध्ये जो पंथ मतभेदी तोच बॉस्टनमध्ये राजमान्य. स्कॉटलंडचीही तीच गत. तिथे १६९० नंतर बिशप न मानणारे प्रेस्बिटेरियन चर्च राजमान्य झाले, बिशप मानणारे वेगळे पडले, आणि १६९७ मध्ये एडिंबरा येथे थॉमस एकेनहेड या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेसाठी फाशी झाली. स्कॉटलंडला एकूण दहा मिनिटे मिळाली आणि एकेनहेडचे नाव उच्चारले गेले नाही. मी चहाच्या वेळी सरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘गुरुजी, सहा रविवारांत किती कोंबणार?’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. एक बाजू सुटली तर विषय लहान होत नाही, तिरका होतो.

टिपणांच्या मराठीविषयीही लिहायला हवे. ‘डिसेंटर’ या शब्दाला टिपणांत काही ठिकाणी ‘बंडखोर’, काही ठिकाणी ‘पाखंडी’ आणि एका ठिकाणी चक्क ‘नास्तिक’ असे म्हटले आहे. हे तिन्ही शब्द राजमान्य चर्चच्या तोंडी शोभतील, अभ्यासकाच्या नाही. पूर्वीच्या मराठीत ‘मतभेदी’ हा शब्द आहे, तो पुरेसा आहे, आणि न जमल्यास ‘डिसेंटर’ हाच शब्द देवनागरीत लिहावा. कॅम्पातील एका ज्येष्ठ बाईंनी ‘होली कम्युनियन’साठी टिपणात छापलेला ‘पवित्र प्रसाद’ हा शब्द वाचून सौम्यपणे सांगितले की त्यांच्या मंडळीत त्याला ‘प्रभुभोजन’ म्हणतात. पुढच्या टिपणात तो बदल झाला, याची नोंद आयोजकांच्या बाजूने करतो.

सहावा रविवार भारताचा आणि बेळगावचा होता. पहिला तास वर्गात आणि उरलेला वेळ कॅम्पात पायी फिरून, अशी योजना होती. वर्गातला तास उत्कृष्ट झाला. विल्यम केरी हा बॅप्टिस्ट चांभार १७९३ मध्ये बंगालमध्ये आला, पण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून १८०० पासून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी डेन्मार्कच्या ताब्यातील, बंगालमधल्या श्रीरामपुरात आश्रय घेतला. स्वदेशी राजमान्य चर्चबाहेरचा हा माणूस दुसऱ्या एका प्रॉटेस्टंट राजमान्य चर्च असलेल्या राज्याच्या झेंड्याखाली सुरक्षित राहिला, आणि तिथून त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांत मराठी-इंग्रजी कोश छापला. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना परवान्यावर वाट मोकळी केली, पण त्याच सनदेने कलकत्त्याला राजमान्य चर्चचा बिशप आणि त्याचा पगार यांची सोय केली. मुंबईला बिशप १८३७ मध्ये आला. म्हणजे कंपनीच्या पगारावरचे पाळक वेगळे आणि वर्गणीवर चाललेले मिशनरी वेगळे, हा इंग्लंडमधला भेद जहाजातून इथेही उतरला.

बेळगावात तो भेद चालत जाऊन पाहता येतो, हीच या फेरीची कल्पना. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, छावणी वसली आणि १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथे आले. ही संस्था १७९५ ची, आणि तिचा कणा प्रामुख्याने इंग्लंडमधील मतभेदी काँग्रिगेशनल, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या, मंडळ्यांचा. छावणीतील सैनिकांसाठी सरकारी पाळक आणि राजमान्य चर्च, आणि गावातील शाळांसाठी मतभेद्यांची वर्गणी, अशी ही विभागणी होती. बेनन-स्मिथ शाळेच्या नावातील बेनन हे याच मिशनचे. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणाऱ्या ‘यमुना पर्यटन’चे लेखक बाबा पदमनजी १८३१ मध्ये बेळगावात जन्मले आणि १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही इथेच झाला. पुढे त्यांचे काम स्कॉटलंडच्या फ्री चर्चशी जोडले गेले, आणि ते चर्चही १८४३ मध्ये तिथल्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावचे मिशन अमेरिकन मेथडिस्टांकडे गेले. इतकी वेगळी वाटणारी नावे एका धाग्यावर ओवून देणे हे सरांचे खरे कौशल्य.

फेरी मात्र फसली. एका जुन्या चर्चचे आवार पाहायचे होते, पण आयोजकांनी आधी कोणाला विचारलेले नव्हते आणि फाटकाला कुलूप होते. उघड्या दाराचा कायदा शिकवणाऱ्यांनी निदान एक दूरध्वनी करायला हवा होता. छावणीच्या हद्दीत छायाचित्रे काढण्याबाबत काय नियम आहेत हेही कोणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे भिंतीबाहेर उभे राहून वास्तूविषयी ऐकणे एवढेच घडले, आणि गुडघे दुखणारे दोन ज्येष्ठ अर्ध्यातून रिक्षाने परतले. फेरीचे वेगळे २०० रुपये घेतले होते, ते परत मिळाले नाहीत.

१८२८ मध्ये पदांसाठी प्रभुभोजन घेण्याची ती जुनी अट संसदेने उठवली आणि पुढच्या वर्षी कॅथलिकांना संसद खुली झाली, इथे वर्ग संपला. त्याआधी शंभर वर्षे, १७२७ पासून, अट मोडलेल्यांना जवळजवळ दरवर्षी नवा कायदा करून माफी दिली जात होती, हा तपशील शेवटच्या पाच मिनिटांत आला. तो खरे तर सुरुवातीला यायला हवा होता. चर्चसाठीचा सक्तीचा कर १८६८ पर्यंत, विद्यापीठांतील धार्मिक अटी १८७१ पर्यंत, आणि गावच्या दफनभूमीत आपल्या पद्धतीने अंत्यविधी करण्याची मनाई १८८० पर्यंत राहिली. हा पुढचा सगळा भाग दुसऱ्या सत्रासाठी राखून ठेवल्याचे आयोजकांनी जाहीर केले आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. इमारतीला उद्वाहक नाही, जिने उंच आहेत. चहा शुल्कात धरलेला आहे आणि चांगला असतो. टिपणे बारीक अक्षरांत छापलेली आहेत, म्हणून चष्मा विसरू नये. पहिले दोन रविवार चुकवले तर पुढचे कळणार नाही, मधले एखादे चुकले तर चालेल. खानापूर-निपाणीकडून येणाऱ्यांनी सहाला वर्ग सुटेल या भरवशावर बसचे गणित बसवू नये. इतिहासाच्या शिक्षकांनी हा वर्ग अवश्य करावा, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तर करावाच. फेरीचे २०० रुपये मात्र, आधी परवानगी काढली आहे का ते विचारल्याशिवाय देऊ नयेत. दुसऱ्या सत्रात स्कॉटलंड आणि मॅसॅच्युसेट्स यांना एकेक पूर्ण रविवार मिळणार असेल तर कळवा, असे मी वकीलबाईंना सांगून आलो आहे. त्यांनी वहीत लिहून घेतले.